विषय : रावसाहेबांना चित्रातून काढणे

रविवार, २ फेब्रुवारी. जागा : बाळीवेशीतली तुझी खोली. हजर : मी, तुझा मुलगा बसवराज, आपल्या गुरम्माकाकू, फ्रेमवाले मेहबूबभाई, तुझा जुना विद्यार्थी श्रीनिवास. दाराशी बांधलेले रावसाहेब, म्हणजे तुझा बोकड. गैरहजर : सूनबाई, नातीची परीक्षा आहे म्हणून ती जेवण उरकून पुण्याला परत गेली. आणि तू.

हसू नकोस, अण्णा. चार माणसं जमली की मी आधी हजेरी मांडते, हे तुला माहीत आहे. तू म्हणायचास, हिला देवळात नेलं तर नमस्काराआधी पुजारी मोजेल. पण आज तुझ्याशी बोलायला बसले आणि सुरुवात कुठून करावी कळेना. म्हणून हाताला सवय होती तिथून केली.

तुझ्या मागं केलेल्या शिवगणाराधनेची पंगत नीट झाली. गव्हाची हुग्गी कमी पडली नाही आणि उरलीही नाही. भांडी मोजून परत गेली, मंडप उतरला, गावाकडच्या मंडळींना गाडीत बसवून दिलं. माझ्या कागदावरच्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या. अडचण एकच आली, तुझ्या फोटोची.

तू जन्मभर लोकांच्या फोटोंवरून चित्रं केलीस आणि तुझा स्वतःचा धड एक फोटो नाही. लग्नातल्या अल्बमात तू पाठमोरा आहेस. बसूच्या लग्नात कॅमेरा तुझ्याकडं वळला की तू वाढायचं पातेलं उचलून आत जायचास. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तू नुकताच जामिनावर सुटून आल्यासारखा दिसतोस. लोकांनी त्यालाच हार घातला. गुरम्माकाकू पुढं झाल्या, फूल वाहिलं आणि मागं वळून मला हळूच म्हणाल्या, "शैला, हा कोण गं?"

म्हणजे तू जसा होतास तसा उरलायस तो एकाच ठिकाणी. चित्र टेकवायच्या घोडीवर लावलेल्या त्या शेवटच्या चित्रात. तू, आणि तुझ्या शेजारी रावसाहेब.

पंगत उठल्यावर बसू बराच वेळ त्याच्यासमोर उभा होता. मग म्हणाला की आत्या, हे मी पुण्याला नेतो, हॉलमध्ये लावतो. फक्त बोकड तेवढा काढून घेऊ. श्रीनिवासदादा करतील, मागं सपाट रंग दिला की झालं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर ते सोयीचंच वाटलं. पोराला बापाचं चित्र हवंय, काकूंना भिंतीवर बोकड नकोय, हाताशी रंगवणारा माणूस आहे. मी रविवार ठरवला, सगळ्यांना फोन केले आणि कागदावर लिहिलं : रावसाहेबांना चित्रातून काढणे.

शिवाय हे तर तुझंच काम होतं. टेंभुर्णीचे ते ट्रकवाले आठवतात? वडिलांचा रेशन कार्डावरचा फोटो घेऊन आले होते. अंगात कोट घाला म्हणाले, मिशी थोडी भरघोस करा म्हणाले, आणि निघताना दारातून परत येऊन विचारलं की डोळ्यांत जरा दरारा येईल का. तू तोही घातलास. करकंबच्या बाईंना सासूच्या नाकात नथ हवी होती. सासूनं जन्मात नथ घातली नव्हती, पण सुनेला वाटत होतं की घालायला हवी होती. तू नथ काढलीस आणि बाई चित्राकडं बघून रडल्या. मी तुला विचारलं होतं, खोटं काढताना हात अडखळत नाही का. तू म्हणालास, त्यांचं माणूस आहे, त्यांना हवं तसं असू दे. मी कुठं त्याला बघितलंय?

तेव्हा हे बोलणं मी सोडून दिलं होतं. आज सकाळी रिक्षातून येताना ते आठवलं. तू जे बघितलं नव्हतंस त्यात लोकांचं ऐकायचास. जे बघितलं होतंस त्यातला एक केस कुणाला इकडचा तिकडं करू दिला नाहीस.

रावसाहेबांची गोष्ट बसूला अर्धीच माहीत आहे. तो तेव्हा पुण्यात होता. मेहबूबभाईंनी ईदसाठी बोकड घेतला होता. दुकानामागं बांधलेला, नातवंडं शाळेतून आली की हातानं पाला भरवायची. ईद तोंडावर आली आणि यानं जिन्याच्या कठड्यात डोकं घालून डावं शिंग मुळापासून मोडून घेतलं. असं जनावर कुर्बानीला चालत नाही. मेहबूबभाईंनी दुसरा आणला. पण याचं करायचं काय? खाटकाला द्यावा तर घरातली पोरं जेवेनात. शेवटी ते फ्रेमा पोचवायला आले तेव्हा टेम्पोतून यालाही उतरवला आणि तुला म्हणाले, "पेंटरसाब, थोडे दिन रख लो." लिंगायताच्या घरात, जिथं अंड्याचं टरफल कधी आलं नाही, तिथं बोकड. ते थोडे दिवस अजून चालू आहेत.

वहिनी जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. मी माझ्या परीनं सगळी व्यवस्था लावली होती. डबा लावला, मोबाईल आणून दिला, टीव्ही बसवून दिला, गोळ्यांच्या डबीवर वार लिहिले. डबा अर्धा परत यायचा. टीव्हीवर तू ब्रश वाळत घालायचास. मग एकदा आले तर तू जमिनीवर बसून बोकडाच्या शिंगाच्या जागी हळद लावत होतास आणि त्याच्याशी बोलत होतास. डबा रिकामा होता. अर्धी भाकरी बोकडानं खाल्ली होती, पण अर्धी तू खाल्ली होतीस. मी घरी जाऊन डब्यात एक भाकरी वाढवायला सांगितली.

रावसाहेब हे नाव तू ठेवलंस, कारण दाढी होती आणि कुणीही आलं तरी ते उठायचे नाहीत. तू त्यांना अहो-जाहो करायचास. ऐकून ऐकून मीही करू लागले. बाळीवेशीतले लोक येता-जाता विचारायचे, काय पेंटर, ईद कधी? तू ब्रशवरची नजर न काढता सांगायचास, रावसाहेब सुटले त्यातून, तुमचं बघा.

हे चित्र मात्र तू कुणी सांगितलं म्हणून केलं नाहीस. वहिनीच्या कपाटाचं दार काढून आणलंस, त्याच्यावरचा उभा आरसा भिंतीला टेकवलास आणि स्टूल मांडून रावसाहेबांना शेजारी उभं केलंस. पुढं काय झालं ते मी इतक्यांदा ऐकलंय की समोर असल्यासारखं वाटतं. रावसाहेबांनी आरशात पाहिलं. आत दुसरा एक बोकड उभा होता, दाढीवाला, एका शिंगाचा, आणि तोही टक लावून बघत होता. त्यांनी दोन पावलं मागं घेतली आणि त्याला धडक दिली. आरशाला खालपासून वरपर्यंत तडा गेला. तू मला फोन करून सांगितलंस आणि सांगताना इतका हसलास की वहिनी गेल्यानंतर तुझं ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर तू दोघांची बैठक वेगळी केलीस. आरशासमोर तू एकटा बसायचास, हाताखाली रावसाहेबांच्या जागी कोंड्याचं पोतं. तुझं झालं की आरसा पालथा घालायचा, पोतं हलवायचं आणि रावसाहेबांना त्या जागी आणून समोरून काढायचं. आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, जे संपलं नाही.

मी म्हटलं, अण्णा, तुझं घड्याळ उजव्या हातात आलंय. शर्टाचा खिसाही उजवीकडं. ब्रश डाव्या हातात. तू म्हणालास, आरशात तसंच दिसतं. मी म्हटलं, मग रावसाहेबांचं मोडलेलं शिंग डावीकडंच कसं? तू म्हणालास, कारण ते डावंच मोडलंय. मी म्हटलं, एका चित्रात तू उलटा आणि तो सुलटा, हे चूक आहे. बोर्डावर सही उलटी केल्यासारखं. घड्याळ फक्त दुसऱ्या हातात घाल, तासाभराचं काम आहे. तू ब्रश पुसत राहिलास. मग म्हणालास, "शैला, त्यांना मी बघितलंय. मला मी आरशातच बघितलंय. जे बघितलं नाही ते कुठून काढू?"

मी दर खेपेला तेच काढायचे आणि तू दर खेपेला तेच म्हणायचास. दिवाळीला, संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेतून परत येताना. शेवटच्या खेपेलाही तेच. तू मला दारापर्यंत पोचवायला आलास आणि मी चपला घालता घालता म्हटलं, घड्याळाचं बघ तेवढं. तू म्हणालास, बघू.

तेव्हा मला सुचलं नाही ते आता सुचतंय. मी तुला सुलटा बघितलंय, अण्णा. जन्मल्यापासून. तुझा भांग डावीकडं, तुझ्या डाव्या भुवईत तो कापलेला व्रण, हसताना उजवा गाल आधी वर जायचा. आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा तो चेहरा तू एकट्यानंच कधी पाहिला नाहीस. हे तेव्हा म्हटलं असतं तर तू घड्याळ बदललं नसतंसच. पण थोडा वेळ विचार करत बसला असतास, आणि मला तुझं तसं बसणं आवडायचं.

बसण्यावरून आठवलं. मलाही बसवलं होतंस एकदा. नवं पातळ नेसून आले होते. मी बसल्या बसल्या तुझ्या फळीवरच्या रंगाच्या ट्यूबा मोठ्या-लहान लावल्या, वाळलेले ब्रश वेगळे काढले आणि तुझ्या कॅलेंडरावर गॅसवाल्याची तारीख लिहिली. तू कोळसा खाली ठेवलास आणि म्हणालास, "तू बसतेस गं, पण थांबत नाहीस." ते चित्र तेवढ्यावरच राहिलं. नुसती खांद्याची रेघ आहे त्यात, आणि तीही हललेली.

आपल्यात माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. त्या दिवशी तुला पाटावर बसवलं, पाठीला टेकू दिला, जंगमांनी कपाळाला विभूती लावली. माझ्या हातात यादी होती. फुलं आली का, खड्डा झाला का, मीठ कुणी आणलं. मी मध्येच वर पाहिलं आणि तू समोर ताठ बसलेला. आयुष्यभर तू लोकांना सांगितलंस, हलू नका, हनुवटी थोडी खाली. आज तू बसला होतास आणि काढणारं कुणी नव्हतं. मी यादी पर्समध्ये ठेवली आणि तुला बघितलं. नीट, तू बघायचास तसं. कुणीतरी मिठाचं विचारायला आलं, त्याला मी थांब म्हटलं.

थांबायला मला थोडंफार तूच शिकवलंस, तेही बादलीनं. चित्र जवळजवळ झालं होतं आणि तुला हात पसंत नव्हता. कोंड्याच्या पोत्यावर ठेवलेला हात पोत्यावरचाच दिसतो म्हणालास आणि खरवडून काढलास. हात रावसाहेबांच्या पाठीवरच हवा होता आणि बघायचा आरशातच होता. म्हणजे आरशात तुझा हात दिसायला हवा, पण रावसाहेबांना आरसा दिसता कामा नये. तू मला बोलावलंस. मी बादलीत भुसा घेऊन त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले. बादली खाली ठेवली की ते मान फिरवायचे, म्हणून हातातच धरायची. त्या दुपारी मी काहीही केलं नाही, अण्णा. फोन टेबलावर होता, तो घेता येत नव्हता. शेजारच्या गल्लीतले माग चालले होते. रावसाहेब खात होते, तू हाताकडं बघत होतास, मी बादली धरून होते. दुसऱ्या दिवशीही तू बोलावलंस आणि मी ऑफिसात अर्धी रजा टाकून आले. माझ्या कुठल्याच यादीत ती दुपार नाही. पण त्या दिवसांत तुझ्या घरून परत जाताना मला दमायला व्हायचं नाही.

तो हात तू शेवटचा काढलास. त्यानंतर ब्रश हातात घेतलाच नाहीस.

आता आजचं सांगते.

श्रीनिवास वेळेवर आला. डब्यात रंग, पिशवीत ब्रश, सगळं घेऊन. हल्ली तो फ्लेक्स छापतो, पण चपला बाहेर काढून आत आल्यावर त्यानं आधी घोडीला हात लावला आणि मग पिशवी खाली ठेवली. गुरम्माकाकू खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचं एकच म्हणणं होतं आणि ते त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. माणूस लिंगैक्य झाला, आता तो भिंतीवर जायचा, उदबत्ती लागायची. त्याच्या शेजारी बोकूड शोभतंय का? मेहबूबभाई माप घ्यायला म्हणून आले होते. टेप हातात धरून ते दाराशीच उभे राहिले, रावसाहेबांजवळ.

मी म्हटलं, बाकी चित्राला धक्का लागणार नसेल तर करून टाकू. श्रीनिवास चित्राकडं बघत होता. मेहबूबभाई म्हणाले, आहे तसं राहिलं तर काय बिघडतं. मग बसू बोलला.

"मी किती वेळा बोलवलं अप्पांना, आत्या, तुला माहितीये. खोली रिकामी ठेवली होती. ते याच्यासाठी आले नाहीत. आणि आता यालाच माझ्या हॉलमध्ये लावू?"

मेहबूबभाई हळूच म्हणाले, "गलती मेरी है बेटा. मैंच लाके छोड्या." बसूनं मान हलवली, तसं नाही म्हणून, पण त्याचे डोळे भरले होते आणि तो खिडकीकडं वळला.

तू एकदा गेला होतास पुण्याला. आठवडा काढायचा म्हणून गेलास आणि त्याआधीच परत आलास. मेहबूबभाईंकडं ठेवलेल्या रावसाहेबांनी खाणं सोडलं होतं, हे निमित्त झालं. बसूला वाटतं तेच कारण होतं. मला तू वेगळं सांगितलं होतंस. म्हणालास, तिकडं सगळे चांगले आहेत गं, पण सगळे जाता-येता दिसतात. बसून बघावं असं समोर कुणी थांबत नाही, रावसाहेब थांबतात. तुला हे बसूला सांगता आलं नाही. तुला वाटलं, त्याला लागेल. आणि त्याला वाटत राहिलं की तू बोकड निवडलास. तुम्ही दोघं फोनवर मात्र हवापाणी बोलायचात. आज मी हे त्याला सांगणार होते, शब्दही जुळवले होते. पण गरज पडली नाही.

झालं असं की श्रीनिवासनं खाकी कागद काढला. म्हणाला, रंग लावण्याआधी नुसतं झाकून बघू, कसं दिसायलंय ते. त्यानं कागद रावसाहेबांच्या आकाराचा फाडला आणि चित्रावर धरला. आम्ही सगळे मागं सरकून बघू लागलो. तू स्टुलावर बसलायस आणि कलून एका बाजूला चाललायस. खाली काहीच नाही आणि तुझा सगळा भार तिकडं.

"पडतोय की रे त्यो," काकू म्हणाल्या.

पडत होतास खरा. पण काकू हरणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी लगेच तोड काढली. म्हणाल्या, मग बोकडाच्या जागी लोड काढ. चांगला पांढऱ्या अभ्र्याचा. लोडाला टेकलेला माणूस भारदस्त दिसतो, आपल्या सावकार मामांचं चित्र नव्हतं का तसं? मला ते पटलं. बसूलाही पटलेलं दिसलं. त्यानं विचारलं, जमेल का? श्रीनिवास म्हणाला, जमतंय की, लोडाचं काय, संध्याकाळपर्यंत होतंय. त्यानं चष्मा लावला आणि कागद थोडा खाली घेऊन हाताची कड कुठं येते ते बघायला वाकला.

वाकला तो उठेना. मला वाटलं, रंग कसा मिसळावा याचा विचार करतोय. मग तो सरळ झाला आणि चष्मा काढून पुसत म्हणाला, "ताई, लोड काढायला माझी ना नाही. पण हा हात लोडावरचा नाही. लोडावर हात पडलेला असतोय. हा उचलून धरलाय थोडा. खाली काहीतरी वरखाली होतंय, त्याच्याबरोबर हात वरखाली होतोय, असा काढलाय सरांनी. लोड आला तर हात बदलावा लागंल. आणि हात मी बदलणार नाही. दुसरं कोण मिळालं तर बघा."

मी त्या हाताकडं बघितलं. मी तिथंच उभी होते अण्णा, बादली घेऊन, तो हात तू काढताना. तेव्हा मी भुसा बघत होते. तू इतका वेळ कशाची वाट बघत बसतोस ते मला कळत नव्हतं. तू श्वासाची वाट बघत होतास.

बसू खिडकीपासून दाराशी गेला आणि रावसाहेबांजवळ खाली बसला. ते उठले नाहीत, त्यांच्या रीतीप्रमाणं. त्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, चित्रात आहे त्याच जागी, मणक्याच्या जरा खाली. आधी नुसता ठेवला. मग चित्राकडं बघून बोटं थोडी सैल केली. आणि तसाच बसून राहिला. त्याचा हात हळूहळू वर होत होता, खाली होत होता. काकू खुर्चीत पुढं वाकल्या. मला वाटतं त्यांनीही ते बघितलं.

बऱ्याच वेळानं तो श्रीनिवासला म्हणाला, "दादा, कागद काढा."

श्रीनिवासनं कागद काढला, घडी घातली, रंगांचा डबा न उघडता पिशवीत परत ठेवला. काकू म्हणाल्या, बघ बाबा, तुझी भिंत, तुझा बाप. मग थोड्या वेळानं त्यांनी मला हळूच सांगितलं की उदबत्ती मात्र त्या बाजूला लावू नका, खाईल त्यो. चित्रातला बोकड, अण्णा. तुला हे ऐकायला हवं होतं.

घड्याळाचा विषय मी काढला नाही. श्रीनिवास समोर होता, रंग होते, तासाभराचं काम होतं. पण मी काढला नाही.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. रावसाहेब कुणाकडं, यावर मेहबूबभाईंचं आणि माझं थोडं वाजलं. ते म्हणाले, मेरा था, मैं ले जातूं. मी म्हटलं, तुमच्याकडं त्यांनी एकदा खाणं सोडलंय. माझ्या घरामागं पत्र्याचं छप्पर आहे, सावली आहे. कडबा सांगून ठेवलाय. वार लिहिलेली गोळ्यांची डबीही रिकामी करून घेतली, तिच्यात त्यांचं मीठ राहील. रावसाहेबांना घेऊन घरी पोचले तर आमचे हे म्हणाले, आधी मला विचारायचं होतंस. मी म्हटलं, आता विचारते. मागं सरकू शकता का थोडे, दोरी बांधायची आहे.

रंग आतून अजून ओला आहे, त्यामुळं वॉर्निश आत्ता नाही. श्रीनिवास म्हणाला, पुढच्या दिवाळीच्या आसपास बघू, तो पुण्याला जाऊन करेल. चित्र नेताना घ्यायची काळजी मी बसूला लिहून दिली आहे. खोलीची किल्ली माझ्याकडं.

मेहबूबभाईंनी अखेर माप घेतलं. साधी सागवानी चौकट, वर नक्षी नको, हे बसूनं सांगितलं. मग ते म्हणाले की खाली पितळी पट्टी नेहमीप्रमाणं लावू, नाव कोरून. तुझ्या सगळ्या चित्रांना ते लावायचे तशी. काकूंनी सांगितलं, आधी लिं. घालायचं, आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावामागं तेच लागतं. मेहबूबभाईंनी ते उर्दूत लिहून घेतलं. लिहून झाल्यावर पेन्सिल दाराकडं करून विचारलं, और इनका? दोघे हैं फोटू में.

काकू म्हणाल्या, त्याच्या नावामागं चि. घाल, जिवंत हाय त्यो. त्या हसल्या, श्रीनिवासही हसला. मेहबूबभाई हसले नाहीत. ते खरंच विचारत होते. एकच नाव कोरलं तर पट्टी लहान कापायची, दोन असतील तर मोठी. आज सांगा म्हणाले, कामाला लागायचंय. चित्र बसूचं, घर बसूचं, तेव्हा ठरवायचंही त्यानंच. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत विचारून कळवते.

बसू उद्या सकाळी निघतोय. मघाशी मी विचारायला गेले होते. तो आमच्या मागल्या दारात रावसाहेबांशेजारी मांडी घालून बसला होता. कडब्याची पेंढी सोडली होती आणि एकेक काडी त्यांच्या तोंडाशी धरत होता. त्याला मी आलेलं कळलं नाही. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आत आले.

मेहबूबभाईंचा आता दुसऱ्यांदा फोन येऊन गेला. पट्टीवर नाव एक की दोन, हे बसूला विचारायचं राहिलं आहे.